उशाचा तांब्या

अणदूर,
४ नोव्हेंबर २०२४

बंडप्पा,

काल भाऊबीज झाली. ताट करून ठेवलं होतं, तू आला न्हाईस, मग चंद्राला ओवाळलं. चंद्र तुझ्यापेक्षा बरा. ऐनवेळी सोयाबीनच्या गाड्या आल्या म्हणून सांगत न्हाय. रुसले न्हाय रे तम्मा, लगेच तोंड पाडून बसू नको. सोलापूरच्या दवाखान्यात माझ्या उशाशी त्या मोडक्या स्टुलावर बसून राहिलास, ती ओवाळणी मला जन्माची पुरली.

म्हटलं आता पत्रच लिहावं. तुझे कान अडत बाजारात लिलावाच्या आरोळ्या ऐकून गेले, आणि माझा आवाज ऑपरेशननं बसलाय. बहिरा आणि मुकी फोनवर बोलणार तरी काय? मधी तुझी सून अक्षदा "अप्पा, आत्या असं म्हणतात" करत उभी राहती आणि तिकडं तिची भाकर तव्यावर करपती. त्यापेक्षा हे बरं.

गळ्याची जखम सुकली. शेजारणी बघायला येतात आणि विचारतात, गळ्यातून काय निघालं? मी सांगते, बायांनो, प्रत्येकाच्या गळ्यात देवानं मसुराएवढ्या चार गाठी ठेवल्यात. त्यातली माझी एक माजली, बोराएवढी झाली, आणि हाडातलं कॅल्शियम ओढून रक्तात सोडत बसली. हाडं पोकळ झाली आणि किडनीत खडे झाले. कुणाला पटत न्हाय. गळा कुठं, किडनी कुठं, म्हणतात. मलाबी कुठं पटत होतं? खडा झाला की हुलग्याचं माडगं प्यायचं, पडला की सुटलो म्हणायचं, परत खडा. अंग ओढत कामाला न्यायचं. जाऊबाई जन्मभर आळशी म्हणाल्या, आणि खरं सांगू का, मलाबी आपण आळशीच आहोत असं वाटायला लागलं होतं. प्रतीक्षा डॉक्टरीणबाईनं रक्तातलं कॅल्शियम बघितलं, तेव्हा कळलं की हा रोग आहे.

आता ऐक. परवा सगळं अंगण झाडलं तरी दम लागला न्हाय. सूनबाई भुवनेश्वरी आतनं ओरडली, "घोगऱ्या आवाजात गाणं म्हणू नका, गळा दुखंल!" मी गाणं म्हणत होते हे माझं मलाच कळलं न्हाय.

पुढच्या आठवड्यात लेक बसवेश मला सोलापूरला तपासणीला नेणार आहे. ऑपरेशन नको म्हणून मी किती रडले, तू हट्टानं नेलंस. बरं केलंस.

तुझी अक्का,
गिरिजा


कळंब,
१० नोव्हेंबर २०२४

अक्का, शरणार्थ.

चंद्राला ओवाळलंस ते ठीक, पण चंद्र इरकली साडी पाठवत न्हाय. मी पाठवलीय. रंग अक्षदानं निवडलाय, आवडला न्हाय तर तिला बोल, मला न्हाय.

मला एकच लिही. किडनीचा आकडा काय आला? ते क्रिएटिनिन. ऑपरेशनच्या आधी एक पॉइंट सहा होतं, मी पाठ करून ठेवलंय. तुरीचा भाव विसरंल हा बंडप्पा, पण तो आकडा विसरायचा न्हाय. आता रोगाची गाठच काढून टाकली म्हटल्यावर आकडा खाली यायलाच पाहिजे. हरळी उपटल्यावर पीक उभारी धरतंच की! आकडा एकवर आला की मी खंडोबाला येतो, मग देवाचा मुक्काम अणदुरात असू दे न्हायतर नळदुर्गात, पोतंभर भंडारा उधळतो बघ.

मी ठणठणीत आहे. रात्री उठावं लागतं, उशाशी तांब्या लागतो, आता वय झालं म्हटल्यावर तेवढं चालायचंच. गुडघे कुरकुरतात. अक्षदा म्हणती अप्पा तुम्ही लई चिडता. मी म्हटलं, अडत्या चिडला न्हाय तर लोक पोत्याबरोबर दुकानबी उचलून नेतील.

आकडा लिही. विसरू नको.

बंडप्पा


अणदूर,
१९ नोव्हेंबर २०२४

बंडप्पा,

साडी नेसूनच तपासणीला गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वा गिरिजाबाई, ओळखू आला न्हाईत." सगळं ठीक आहे. आकडे-बिकडे मी काय ध्यानात ठेवते? कागद बसवेशकडं आहेत.

मी माझ्या बाजूनं कडक आहे. कॅल्शियमनं माझं वाटोळं केलं, आता घरात त्याचं नाव काढू देत न्हाय. दूध बंद. पानाला चुना बंद, नुसती सुपारी चघळते. त्या पांढऱ्या मोठाल्या गोळ्या दिल्या होत्या ना दवाखान्यातून निघताना, त्याबी फडताळात वर ठेवून दिल्या. पाकिटावरच कॅल्शियम लिहिलंय! औषधवाल्याची चूक झाली असणार. ज्याला साखरेचा रोग त्याला कुणी पेढा देतं का?

आता महत्त्वाचं. डॉक्टरीणबाईनं विचारलं, घरात आणखी कुणाला खडे होते का? मी आपल्या आईचं, अव्वाचं सांगितलं, आणि तुझंबी सांगितलं. तुला दोनदा झालाय खडा. ही गाठ कधीकधी रक्ताच्या नात्यात उतरती म्हणे. तुमच्या भावाचं कॅल्शियम एकदा बघून घ्या, असं त्यांनी दोनदा बजावलं. साधी रक्ताची तपासणी आहे, कळंबातबी होती. जाशील ना?

गिरिजाअक्का


कळंब,
२७ नोव्हेंबर २०२४

अक्का, शरणार्थ.

"सगळं ठीक" एवढं वाचलं आणि दुकानात पेढे वाटले. हमालांना, व्यापाऱ्यांना, समोरच्या चहावाल्याला. सगळ्यांना सांगितलं, माझ्या अक्काची किडनी सुधारली. गुंडप्पा मापाडी म्हणाला, एवढा आनंद तुला मुलाच्या लग्नात झाला नव्हता. खोटं न्हाय.

पत्र तसं घाईतच वाचलं, गिऱ्हाईक उभं होतं. दूध सोडलंस म्हणतेस, तुझी हिंमत मोठी आहे. आपल्या घरात दुधाशिवाय कुणाचा घास उतरला न्हाय.

माझी तपासणी सोड. माझे खडे वेगळे, ते बोअरच्या पाण्याचे. कळंबचं पाणी जड आहे, इथं निम्म्या गावाला खडे आहेत, त्या सगळ्यांचा गळा कापायचा का? हुलग्याचं माडगं सुरू आहे. परवा दुकानात जरा डोळा लागला गादीवर, तर रुद्रेश घाबरून डॉक्टर बोलवायला निघाला. पोरगं माझं असून भित्रं निघालं.

बंडप्पा


अणदूर,
८ डिसेंबर २०२४

बंडप्पा,

काल आपल्या घरात जे घडलं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार न्हाय.

काल चंपाषष्ठी. वांग्याचं भरीत, रोडगे, नैवेद्य सगळं झालं. तळी उचलायला भावकी जमली. ताटात पानं, खोबरं, भंडारा. पुरुषांनी ताट धरलं, "येळकोट येळकोट जय मल्हार" झालं, आणि तेवढ्यात माझ्या दोन्ही हाताची बोटं आपोआप जुळून आली. अंगठा आत वळला. भंडाऱ्याची चिमूट धरावी तशी मूठ झाली आणि काही केल्या सुटेना! चार-पाच दिवस ओठाभोवती मुंग्या येतच होत्या, काल त्या गालापर्यंत चढल्या. पोटऱ्या ताठल्या. शेजारची बिरूची आई ओरडली, "वारं आलं, गिरिजाबाईला वारं आलं!"

मग काय सांगू. कुणी कपाळाला भंडारा लावला, कुणी पंखा धरला. आणि जाऊबाई! ज्या जाऊबाईनं मला आळशी म्हणून हिणवलं, तिनं माझ्या पायावर डोकं ठेवलं आणि विचारलं, "देवा, माझ्या पोरीचं लग्न कधी जमंल?" माझी दातखीळ बसल्यासारखं झालं होतं. पण ती रडली रे.

थोड्या वेळानं सुटलं सगळं. भुवनेश्वरी एकटीच म्हणती, दवाखान्यात चला. मी म्हटलं, देवाला दवाखाना दाखवू का? मला भीती वाटत न्हाय, बंडप्पा. इतकी वर्षं अंगात नुसता शीण होता. आता देव येतो म्हणतोय तर ये म्हणावं. येत्या रविवारी बायका पुन्हा येणार आहेत.

आपण बसवण्णांचे कायकवाले, कामातच देव बघणारे लोक, तू हसशील. हस. पण अक्काला एकदा तरी कुणी पाटावर बसवलं, एवढं ध्यानात ठेव.

गिरिजाअक्का


कळंब,
१४ डिसेंबर २०२४

ती. आत्यांना अक्षदाचा नमस्कार.

हे पत्र आणि अप्पांचं कानाचं मशीन यांच्याबरोबर पाठवते आहे. हे अप्पांचे कपडे घेऊन सोलापूरला निघालेत. अप्पा तसेच आलेत, त्यांच्या पायात एक चप्पल त्यांची आणि एक यांची आहे, बघितली असेल तुम्ही.

तुमचं पत्र गुरुवारी आलं. अप्पांनी दुकानातच वाचलं. मग म्हणाले, "हे वारं न्हाय. हे डॉक्टरीणबाईनं सांगितलं होतं." ऑपरेशन झालं त्या दिवशीच त्या म्हणाल्या होत्या, तोंडाला मुंग्या आल्या, बोटं आखडली तर थांबू नका, घेऊन या. तेव्हा तुम्ही अजून गुंगीत होता, ते अप्पांनीच ऐकलं होतं. मी बसवेश भाऊजींना फोन लावून दिला. अप्पांना पलीकडचं काही ऐकू येत नव्हतं, ते नुसते ओरडत होते, "उचल तिला, सोलापूरला ने, आत्ता ने!" सगळा बाजार गोळा झाला. मग एसटीत बसेपर्यंत एकच म्हणत होते, दूध सोडलं असं तिनं लिहिलं होतं आणि मी शहाणा तिची हिंमत वाखाणत बसलो.

तुम्हाला आता बरं आहे, सलाईनमधून कॅल्शियम दिलं असं कळलं. जीव भांड्यात पडला.

आत्या, आणखी एक. अप्पांना सांगू नका मी लिहिलं म्हणून. ते ठणठणीत न्हाईत. रात्रीत दोन तांबे पाणी पितात. जेवण तुटलंय. दुकानात बोलता बोलता झोपतात, भाव विसरतात, मग माणसांवर ओरडतात. तुम्ही आजारी असताना अगदी अशाच होता, असं हे म्हणतात. मी तपासणीचं काढलं की अप्पा मशीन कानातून काढून खिशात ठेवतात.

तुमची,
अक्षदा


अणदूर,
२८ डिसेंबर २०२४

बंडप्पा,

घरी आले. बोटं सरळ आहेत, त्याच बोटांनी लिहिते आहे, आणि आधी शिव्याच देणार आहे.

डॉक्टरीणबाईनं तुला म्हटलं, "अप्पा, आलाच आहात तर तुमचंबी रक्त देऊन टाका." तू म्हणालास, "चहा पिऊन येतो." तो चहा कळंबच्या एसटीत बसूनच प्यायलास का रे? साठीला आलेला माणूस, दवाखान्यातून पोरासारखा पळतो! नर्स सुई घेऊन तुला जिन्यात शोधत होती.

आता माझी चूक सांगते. चोर गाठीनं माझी हाडं इतकी वर्षं लुटली. चोर गेल्यावर ती उपाशी हाडं रक्तातलं कॅल्शियम अधाशासारखं ओढून घेतात, म्हणून गोळ्या होत्या, म्हणून दूध प्यायचं होतं. आधी जे विष होतं तेच नंतर औषध. मला हे कुणी सांगितलं नव्हतं असं न्हाय, सांगितलं होतं, मीच घेतलं न्हाय डोक्यात. कॅल्शियम आणखी उतरलं असतं तर काळजाचा ठोका चुकला असता, असं त्या म्हणाल्या. पाटावर बसवलेली बाई पाटावरच गेली असती.

आणि मी गोळ्या का सोडल्या, तेबी ऐक. आकडा मला ठाऊक होता. नोव्हेंबरच्या तपासणीत क्रिएटिनिन एक पॉइंट आठ आलं होतं. खाली न्हाय, वर. ऐकलं आणि माझे कानच बंद झाले, पुढं त्या काय म्हणाल्या ते कळलं न्हाय. मनात एकच, हा आकडा बंडप्पाला कळला तर तो जेवायचा न्हाय. मीच अक्काला बळंच टेबलावर झोपवलं, मीच तिची किडनी घालवली, असं म्हणत बसंल. म्हणून "सगळं ठीक" लिहिलं. आणि कॅल्शियमच आकडा चढवतंय असं समजून गोळ्या वर ठेवल्या. तुला पेढे वाटायला लावले, त्याचं मला लई वाईट वाटतं.

यावेळी नीट विचारलं. ऑपरेशननंतर बऱ्याच जणांचा आकडा थोडा चढतो म्हणे. किडनीचा जो भाग झिजला तो झिजला, तो परत उगवत न्हाय. पण रोज होणारी झीज थांबते. ऑपरेशन केलं नसतं तर दोन-चार वर्षांत डायलिसिसवर गेले असते. हे त्यांनी मला कागदावर विहीर काढून समजावलं. आटलेलं पाणी परत यायचं न्हाय, पण बुडाचं भोक बुजवलंय. आता आहे ते जपायचं. अंगदुखीची गोळी मनानं घ्यायची न्हाय, उपास निर्जळी करायचा न्हाय.

तू माझी किडनी घालवली न्हाईस. उरलेली राखलीस. हे दोनदा वाच. आणि मग रक्त दे.

गिरिजाअक्का


कळंब,
५ जानेवारी २०२५

अक्का,

दोनदा न्हाय, चारदा वाचलं. तरी मन मानत न्हाय. एक पॉइंट आठ. मी पेढे वाटत होतो आणि तू तिकडं हा आकडा उराशी धरून बसली होतीस.

तपासणीचं पुन्हा लिहू नको. मला भीती वाटती. झालं समाधान? सगळ्या बाजाराला दम देणारा बंडप्पा भितो.

तुझं लग्न लवकर झालं, शेवटी अव्वाजवळ मी होतो. तिच्या उशाशी तांब्या असायचा. मी भरून ठेवायचो, ती रात्रीत रिकामा करायची, आणि अंधारात हाक मारायची, बंडू, पाणी. मी भरून द्यायचो, परत रिकामा. हाडं दुखतात म्हणायची, कुणी ऐकलं न्हाय. मग पाय सुजले, मग लघवी बंद झाली, मग एक दिवस हाक आली न्हाय. त्या दिवशी तांब्या भरलेला होता आणि अव्वा नव्हती. आता माझ्या उशाशी तसाच तांब्या आहे, आणि तोबी सकाळपर्यंत रिकामा होतो. मला काय झालंय हे मला ठाऊक आहे, अक्का. कागदावर कशाला बघू?

दुकान रुद्रेश बघंल. तू तुझ्या गोळ्या घे.

बंडप्पा


अणदूर,
१४ जानेवारी २०२५

माझ्या तम्मा,

आज संक्रांत. तीळगूळ पाठवते. गोड बोल म्हणणार न्हाय, तुझ्याच्यानं होणार न्हाय. नुसतं ऐक.

तुझं पत्र वाचून मी रडले. अव्वाच्या तांब्याचं मला कधी कुणी सांगितलं न्हाय. तू एवढासा असताना हे एकट्यानं सोसलंस आणि मला म्हणायचास, अक्का, सगळं ठीक आहे. तेव्हापासून आपल्या घराला ही "सगळं ठीक"ची सवय लागली. ती मोडू या आता.

अव्वाच्या वेळी कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून ती गेली. माझ्या वेळी उशिरा कळलं, म्हणून अर्धी गेले. तुझ्या वेळी आधी कळायची संधी आहे आणि तू डोळे मिटून बसलास! अरे, तुझी किडनी अजून धडबी असंल. भरलेल्या विहिरीचं भोक बुजवायला काय लागतं? आणि गळा कापायची भीती वाटत असंल तर माझा बघ. साखळी घातली की वणबी दिसत न्हाय.

इथं रविवारी बायका अजून येतात. मी सांगते, देव न्हाय आला बायांनो, कॅल्शियम उतरलं होतं. जाऊबाई म्हणती, असू दे, तरी सांगा. काल तिला मी म्हटलं, देव अंगात आला न्हाय हे खरं, पण आला असता ना, तर पोरीचं लग्न, पाऊसपाणी काही बोलला नसता. एवढंच बोलला असता, माझ्या बंडप्पाचं रक्त तपासा. तर ती खरंच हात जोडून उभी राहिली आणि म्हणाली, "मग तपासा की हो!"

आता जाऊबाईचंसुद्धा ऐकणार न्हाईस का? आमचं कधी नव्हं ते एकमत झालंय.

अव्वाला मी पाणी देऊ शकले न्हाय. तुला देणार आहे. उशाशी बसून. स्टूल मोडकं असलं तरी चालंल.

गिरिजाअक्का


कळंब,
२७ जानेवारी २०२५

अक्का, शरणार्थ.

दिलं रक्त. अक्षदानं स्कूटीवर मागं बसवून नेलं, पळू नये म्हणून दवाखान्याच्या दारात उभी राहिली.

कॅल्शियम चढलेलं आहे. तू म्हणालीस तेच. कागद घेऊन सोलापूरला गेलो, डॉक्टरीणबाईनं गळ्याचा फोटो काढला, डाव्या बाजूला खाली एक गाठ माजलीय. मला म्हणाल्या, "चहा झाला का पिऊन?" लई बोचलं.

पण अक्का, क्रिएटिनिन शून्य पॉइंट नऊ! किडनी शाबूत आहे, वेळेवर आलात म्हणाल्या. मी बाहेर येऊन बाकावर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. लोक अक्षदाला विचारत होते, काय झालं, कोण गेलं? ती म्हणाली, कोणी न्हाय गेलं.

फेब्रुवारीत ऑपरेशन. तू येशील का? येशील असं लिहून टाक, म्हणजे मला झोप लागंल.

तुझा बंडू


सोलापूर, दवाखाना,
२२ फेब्रुवारी २०२५

(एकाच कागदावर, दोघांच्या अक्षरात. ऑपरेशननंतरची तिसरी सकाळ. बंडप्पाचा आवाज बसलाय, कानाचं मशीन काढून ठेवलंय.)

अक्का: ऊठ. सकाळ झाली. आवाज काढू नको, लिही. ओठाला मुंग्या?

बंडप्पा: न्हाईत.

अक्का: खोटं बोलू नको. बोटं दाखव.

बंडप्पा: ही बघ. अंगठाबी सरळ. वारं येत न्हाय मला, आपल्या घरात तो मान तुझाच.

अक्का: मार खाशील. गोळी घेतलीस? दूध प्यायलास?

बंडप्पा: दोन्ही. नर्सनं माझ्या कानात ओरडून पाजलं, सगळ्या वॉर्डानं दूध प्यायलं असंल.

अक्का: डॉक्टरीणबाई येऊन गेल्या, तू घोरत होतास. तुझा आकडा आहे तिथंच आहे. किडनी धड आहे.

बंडप्पा: आणि तुझा? काल तुझंबी रक्त घेतलं त्यांनी. सगळं ठीक असं लिहू नको.

अक्का: एक पॉइंट आठ. तिथंच.

बंडप्पा: खाली न्हाय आला?

अक्का: न्हाय येणार, बंडू. पण वरबी गेला न्हाय. आता पेढे वाटायचे तर ह्यावर वाट.

बंडप्पा: वाटतो. घरी गेल्या गेल्या.

बंडप्पा: अक्का, एक तक्रार आहे. बसणार होतीस ना उशाशी? रात्रभर पाणी दिलं न्हाईस मला.

अक्का: मी जागीच होते. तू मागितलंच न्हाईस. मान वळवू नको, डोळ्यानं बघ. तो काय तांब्या.

बंडप्पा: भरलेला आहे गं.

अक्का: काल दिवेलागणीला भरला होता, तसाच आहे.

बंडप्पा: मी आहे आणि तांब्या भरलेला आहे.

अक्का: रडू नको. टाके ओढतील.